डब्यातल्या राजांना हसायचं नाही

जयंतीबाई गुप्ते कशाला भीत नसत. पावसाळ्यात डोंगराकडून येऊन मोरीत शिरलेली धामण त्यांनी केरसुणीनं हुसकून बाहेर काढली होती. रॉकेलच्या दुकानदारानं माप मारलं तेव्हा भर रांगेत ‘परत घाला, मी इथेच उभी आहे,’ एवढंच म्हणून त्यांनी त्याला गार केलं होतं. मुलुंडच्या पाच रस्ता नाक्यामागच्या त्या दुमजली इमारतीत भांडण असो, आजारपण असो, चोर शिरल्याची आवई असो, पहिली हाक जयंतीबाईंना जाई.

अशी ही बाई पंचाहत्तर साली घाबरायला लागली. घाबरायला त्या वर्षी देशात दुसरी पुष्कळ कारणं होती आणि लोक ती हलक्या आवाजात एकमेकांना सांगतही होते, पण जयंतीबाईंचं कारण त्यांच्या स्वतःच्या फळीवर होतं. तो एक पितळी पानाचा डबा होता. त्यांचे यजमान श्यामकांतराव तो खाली काढून मांडीवर घेऊन बसले की बाईंचं हातातलं काम थांबे.

डब्यात पान-सुपारी कधीच नव्हती. श्यामकांतराव भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे नळाच्या तोट्या बनत, आणि भट्टीसाठी तांब्यापितळेची मोड पोत्यांनी येई. चीनच्या लढाईनंतरच्या वर्षी मदुराईकडून आलेल्या एका पोत्यात भांड्यांच्या तुकड्यांबरोबर काळी पडलेली बारीक नाणी निघाली. भट्टीवाला ती फावड्यानं आत लोटणार, तेवढ्यात श्यामकांतरावांनी त्याचा हात धरला. मूठभर नाणी त्यांनी मोडीच्या भावानं, मॅनेजरची सही घेऊन, रीतसर विकत घेतली. कारखान्यातला खिळासुद्धा फुकट घरी न आणणारा माणूस तो. जयंतीबाईंनी ती चिंच लावून घासली तेव्हा त्यांवर माणसं उमटली.

एका रविवारी श्यामकांतराव ती पुडीत बांधून जाणत्या माणसाला दाखवून आले. त्या गृहस्थांनी भिंग लावून सांगितलं की ही रोमन राजांची चिल्लर आहे, सोळाशे वर्षांपूर्वीची. दक्षिणेत नदीच्या वाळूत अशी खूप सापडतात. फार झिजलेली आहेत, किंमत काही यायची नाही, घरी मुलांना खेळायला द्या. श्यामकांतरावांनी मोठ्या माणसाचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यांनी खेळायला सुरुवात केली.

खेळ रविवारी दुपारच्या चहानंतर चाले. डब्यातून न बघता एक नाणं काढायचं, सगळ्यांनी हातात घेऊन बघायचं, आणि वरच्या चित्रात काय चाललंय ते सांगायचं. शेवटचा निकाल श्यामकांतरावांचा. तो ते असा काही देत की बघत राहावं. भुवई हलायची नाही, ओठ हलायचा नाही, कोर्टात साक्ष द्यायला उभे राहिल्यासारखा चेहरा. निकाल ऐकून हसायचं नाही, हा मुख्य नियम. जो हसेल त्यानं सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. आणि ‘खरंच?’ असं विचारायचं नाही. विचारलं की बाद.

एका नाण्यावर भाले घेतलेले दोन शिपाई होते आणि मधे एक निशाण. श्यामकांतरावांच्या मते ते त्यांच्या कारखान्यातले दोन सुपरवायझर होते. दुसरा काम करत नाही ना, हे बघायला दोघांनाही नेमलेलं होतं. लांडगीला लुचणारी दोन पोरं म्हणजे आरेचं दूधकेंद्र, फक्त बाटल्या यायच्या आधीच्या काळातलं. किल्ल्याचा दरवाजा आणि त्यावर दोन बुरूज होते, ती चूल ठरली. वर दोन पातेली, आणि शेजारी चांदणी होती ती उडालेली ठिणगी. गोळ्यावर बसलेला एक पक्षी होता. क्षमा, त्यांची एकुलती मुलगी, त्याला मोर म्हणे. श्यामकांतराव गंभीरपणे म्हणत, तो कावळा आहे, पिंडाला शिवायला आलाय, पण मेलेल्याची इच्छा काय होती ते कुणाला आठवत नाही म्हणून खोळंबलाय. पंखवाली एक बाई एका बुटक्या माणसाला केसाला धरून ओढत होती. ते म्हणजे पोराचा शाळेचा पहिला दिवस.

खालच्या मजल्यावरचा बॅप्टिस्ट दर रविवारी हजर असे. औषधांच्या कारखान्यात फिटर होता, अंगानं भरभक्कम, आणि हसण्याच्या बाबतीत अगदीच कच्चा. श्यामकांतरावांनी नाणं डोळ्यांजवळ नेलं की याचं पोट आधीच हलायला लागे. त्यामुळे गुप्त्यांच्या कपबशा वर्षानुवर्षं तोच विसळत आला. घरी एक पेला कधी उचलत नाही, असं त्याची बायको पेट्रिशिया जिन्यात सगळ्यांना सांगे.

जयंतीबाई मात्र एकदाही हरल्या नाहीत. नुसत्या हसत नसत एवढंच नव्हे, नवऱ्याचं बोलणं त्या पुढे नेत. सुपरवायझर म्हटले की त्यांचा पगार किती विचारत, चूल म्हटली की पातेल्यातलं उतू जातंय बघा म्हणत. दोघं अशी समोरासमोर दगडी चेहऱ्यानं बोलत राहत आणि बाकीचे तोंडात पदर-रुमाल कोंबत. जयंतीबाईंना आपल्या या कसबाचा अभिमान होता. नवऱ्याच्या डोळ्यांत तेवढ्यापुरती जी चमक दिसे, ती दुसऱ्या कशानं दिसत नसे.

श्यामकांतराव त्र्याहत्तर साली निवृत्त झाले. क्षमा लग्न होऊन बोरिवलीला गेली होती, ती आणि बॅप्टिस्ट रविवारी आले की घर भरे. पंचाहत्तरच्या श्रावणातला एक रविवार असाच भरलेला होता. श्यामकांतरावांनी नाणं काढलं. कपाळाला पट्टी बांधलेलं एका राजाचं मुंडकं होतं. एरवी ते डोकं दुखणारे हेडमास्तर असत. श्यामकांतरावांनी ते खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, “दादा आलाय. भिजून आलाय. चहा टाक.”

दादा म्हणजे विद्याधर, त्यांचे अलिबागचे थोरले भाऊ. ते जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. क्षमानं ओठ चावला. बॅप्टिस्ट फुटलाच, आणि रिवाजाप्रमाणे कप गोळा करायला उठला. जयंतीबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी आणखी एक कप मांडला, दादांना गोड लागे म्हणून साखर जास्त घातली, आणि ओली छत्री बाहेरच ठेवायला सांगा त्यांना, असं बजावलं. आई, तू म्हणजे कमाल आहेस, असं क्षमा म्हणाली.

मग पाहुणे गेले. क्षमा बोरिवलीच्या वाटेला लागली. जयंतीबाई तो भरलेला कप उचलायला आल्या, तर श्यामकांतराव दाराकडे तोंड करून बसलेले. “राहू दे,” ते म्हणाले. “येईल तो.”

जयंतीबाईंचा हात कपावरच राहिला. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तोच चेहरा, रविवारचा. भुवई हलत नव्हती, ओठ हलत नव्हता. गंमत अजून चालू आहे की केव्हाच संपली, हे त्या चेहऱ्यावरून देवालाही सांगता आलं नसतं. एक शब्द विचारायचा होता, ‘खरंच?’ तो त्यांच्या जिभेवर आला आणि त्यांनी तो गिळला. खेळ असेल तर आपण हरू, त्याचं त्यांना काही वाटलं नसतं. पण खेळ नसेल, तर विचारल्याबरोबर ते घरात येऊन बसेल आणि मग बाहेर काढता येणार नाही, असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, “झाकून ठेवते, नाहीतर निवेल.” आणि त्यांनी कपावर बशी ठेवली. श्यामकांतरावांनी समाधानानं मान हलवली आणि दिवेलागणीपर्यंत दाराकडे बघत राहिले.

तेव्हापासून डबा रोज खाली यायला लागला. जयंतीबाई पोळ्या लाटताना कान तिकडे ठेवत. कधी ते जुनंच काही बोलत, सुपरवायझर, चूल, आणि बाईंचा जीव भांड्यात पडे. कधी भलतंच निघे. एका दुपारी पंखवाल्या बाईचं नाणं त्यांच्या हातात होतं. “ह्याला नेतायत,” ते म्हणाले, आणि मूठ मिटून बसले. ती मूठ सोडवून घ्यायला जयंतीबाईंना बराच वेळ लागला. मग त्यांनी ते नाणं खिडकीशी नेऊन पाहिलं. इतकी वर्षं त्यांना त्यात हट्टी पोरगं आणि त्याची कावलेली आई दिसत आली होती. आता कितीही बघितलं तरी ती दिसेनात. केस धरून फरफटत नेलेला एक माणूस तेवढा होता, आणि झिजून गेल्यामुळे त्याला तोंड नव्हतं. जयंतीबाईंनी नाणं डब्यात टाकलं आणि पदराला हात पुसले.

पुढच्या आठवड्यात श्यामकांतराव सकाळी भाजी आणायला गेले ते आलेच नाहीत. दुपारी कारखान्याचा वॉचमन धोंडिराम त्यांना बसनं घेऊन आला. साहेब गेटवर उभे होते, म्हणाला, स्टॉक घ्यायचाय म्हणत होते, आमची हसून पुरेवाट झाली. साहेब अजून तसेच आहेत. जयंतीबाईंनी उंबऱ्यातून नवऱ्याकडे बघितलं. तेही त्यांच्याकडेच बघत होते, एकटक, काहीतरी वाचत असल्यासारखे. परक्या माणसासमोर शोभा नको म्हणून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, “मग झाला का स्टॉक घेऊन?”

“अर्धा राहिला,” श्यामकांतराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा घ्यायला ते कपडे करून तयार झाले. जयंतीबाईंनी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसली. ते कडी ओढून बघत होते, पुन्हा ओढत होते, आणि बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. धामणीला त्या भ्याल्या नव्हत्या, पण कडीचा तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी नळ सोडून ठेवला होता.

त्यांनी क्षमाला सांगून बघितलं. क्षमा म्हणाली, आई, बाबांनी तुझी तीस वर्षं फिरकी घेतली, आता रिटायर झालेत तर पूर्णवेळ घेतायत, तू कशाला मनावर घेतेस. बॅप्टिस्टनं तर दादांची गोष्ट इमारतभर केली होती. जिन्यात भेटला की तो विचारी, “काय गुप्तेसाहेब, दादा आला का नाय?” श्यामकांतराव थांबून नीट विचार करून सांगत, रविवारी येईल. बॅप्टिस्ट कठडा धरून हसे. बिचारा मनानं चांगला होता, त्याला काय ठाऊक. जयंतीबाईंना मात्र वाटे की अख्खी इमारत तो खेळ खेळते आहे, आणि खेळ आहे की नाही हे एकालाही माहीत नाही.

शेवटी त्या त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी नाव विचारलं, वार विचारला, ते बरोबर आलं. मग विचारलं, देशाचे पंतप्रधान कोण? श्यामकांतरावांनी क्षणभर डॉक्टरांकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, असले प्रश्न सध्या मोठ्यानं विचारू नयेत.” डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. अहो वहिनी, यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठीक आहे, असं म्हणून त्यांनी एक टॉनिक लिहून दिलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना जयंतीबाईंच्या मनात आलं की पंतप्रधानांचं नाव तर यांनी सांगितलंच नाही. त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि तो घरापर्यंत सोडला नाही.

त्या दिवसानंतर त्यांची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. भीती मरणाची नव्हती. मरण आलं असतं तर चार माणसं जमली असती, रडता आलं असतं. हा माणूस समोर बसून चहा पीत होता, आणि तो आहे की नाही हे विचारायला कुणी नव्हतं.

थंडी सुरू झाल्यावरची एक दुपार. जयंतीबाई वाल सोलत होत्या, श्यामकांतराव खुर्चीत डबा घेऊन. त्यांनी एक नाणं काढलं. कुठल्याशा राणीचं होतं, केसांचा मोठा अंबाडा घातलेली. त्यांनी ते बघितलं, मग मान वर करून जयंतीबाईंकडे बघितलं, पुन्हा नाण्याकडे. आणि निकाल दिला, “ही बाई रोज येते. स्वयंपाक करते. चांगली आहे स्वभावानं. जयंती आली की तिला सांगायला हवं.”

जयंतीबाईंच्या हातातला वाल खाली पडला. खेळाच्या सवयीनं जीभ आपोआप तयार झाली होती, पगार किती देता तिला, असं विचारायला. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण त्या उठल्या, खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “खरंच?”

श्यामकांतराव नाण्याकडेच बघत राहिले.

“खरंच तुम्हाला असं वाटतंय? मला सांगा. मी घाबरले आहे. मला आता नाही जमत.”

तेव्हा तो चेहरा मोडला. आधी हनुवटी हलायला लागली, मग सगळाच. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्याला असं झालेलं जयंतीबाईंनी पाहिलं नव्हतं.

“नाही ना ती?” ते म्हणाले. “म्हणजे, दुसरी कुणी नाही ना?”

“नाही. मीच ती.”

“मग तू हसली का नाहीस?”

जयंतीबाईंना समजेना. मग ते सांगायला लागले, तुटक तुटक, अडखळत, शब्द शोधत. बरेच दिवस झाले होते. कधी माणूस ओळखू येई पण नाव येत नसे, कधी काल काय आणि फार पूर्वीचं काय, याची सरमिसळ होई. विचारायची लाज वाटे. भीती वाटे, एकदा विचारलं की सगळ्यांना कळेल. मग त्यांना एक युक्ती सुचली. ज्याची खात्री नाही, ते रविवारच्या चेहऱ्यानं बोलून टाकायचं. लोक हसले तर समजायचं, चुकलं. न हसले तर बरोबर.

“बॅप्टिस्ट हसायचा,” ते म्हणाले. “पण तो कशालाही हसतो. धोंडिराम तसाच. त्यांच्यावर कसं विसंबणार? म्हणून मी तुझ्याकडे बघायचो. तू कधी हसलीच नाहीस. दादाचा चहा तू ठेवलास. साखर जास्त घातलीस. बशी झाकलीस. मी म्हटलं, जयंती मला खोटं कशाला सांगेल?”

जयंतीबाई बसल्या जागी गार पडल्या. तो कप त्यांनी मांडला होता. स्टॉक झाला का, हे त्यांनी विचारलं होतं. त्यांना वाटत होतं आपण सांभाळतोय, झाकतोय, धरून ठेवतोय. आणि हा माणूस एवढे महिने एकटा काठावर उभा राहून त्यांना विचारत होता, इथे जमीन आहे का, आणि त्या शांतपणे सांगत होत्या, आहे, चला पुढे. आपल्या ज्या कसबाचा एवढा अभिमान, त्याचा त्यांना त्या घडीला तिरस्कार आला. माझं चुकलं हो, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

थोड्या वेळानं श्यामकांतरावांनी विचारलं, “आणि दादा?”

आता टाळता येत नव्हतं. “दादा नाहीत,” जयंतीबाई म्हणाल्या. “चीनच्या लढाईच्या वर्षी गेले. तुम्हीच अग्नी दिला होतात, त्यांना मुलगा नव्हता म्हणून.”

श्यामकांतरावांनी ते ऐकलं, आणि भाऊ आज गेल्यासारखे ते रडले. डबा मांडीवरून सरकला, राजे फरशीभर पांगले. जयंतीबाईंनी ते उचलले नाहीत. नवऱ्याचं डोकं खांद्याशी धरून त्या बसून राहिल्या. खालून पेट्रिशियाच्या मसाला कुटण्याचा आवाज येत होता.

रडणं ओसरल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग ते मागे सरले, आणि जयंतीबाईंकडे बघायला लागले. कपाळ, डोळे, अंबाडा, पुन्हा डोळे. हळूहळू भुवया स्थिर झाल्या, ओठ मिटले, रविवारचा तो चेहरा परत आला. आणि त्यांनी निकाल दिला.

“तू जयंती.”

बोलून ते त्यांच्या ओठांकडे बघत थांबले.

जयंतीबाईंच्या छातीतून काहीतरी वर आलं, हसू होतं की रडू होतं कोण जाणे, दोन्ही एकाच वाटेनं येत होतं. ओठाचा कोपरा एवढासा जरी हलला तरी हा माणूस समजेल की चुकलं. त्यांनी गाल आतून दातांखाली धरला, डोळे त्यांच्या डोळ्यांवर ठेवले, आणि आयुष्यात कधी सांभाळला नव्हता इतका चेहरा सांभाळला.

“हो,” त्या म्हणाल्या. “जयंतीच.”

श्यामकांतराव आणखी थोडा वेळ त्या ओठांकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी मान डोलावली.